कुंदाच्या पुडिंगावर उतारा

गेटवेहून मांडव्याची लाँच सुटली तेव्हा बाकीचे प्रवासी वरच्या मजल्यावर जाऊन समुद्रपक्ष्यांना कुरमुरे घालत होते. मी खालीच बसले. मांडीवर पिशवी होती, पिशवीत चक्का टांगायला दोन स्वच्छ पंचे होते, आणि डोक्यात कुंदा होती. पाणी काय सुंदर चमकत होतं! पण माझं लक्ष असेल तर ना.

कुंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. दिवेआगरला तिची नि भाऊजींची वाडी आहे (वाडी म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग). वादळात निम्मी झाडं आडवी झाली, तेव्हा भाऊजींनी पडवीला लागून तीन खोल्या काढल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. या पाहुण्यांना जेवणानंतर कुंदा कॉफीचं पुडिंग देते. थंडगार, थराथरांचं, वरून कोको भुरभुरवलेलं. त्यात ती थोडी दारू घालते. हो, दारू. तिकडे इटलीत तशी पद्धतच आहे म्हणे. लोक त्याचे फोटो काढून जगाला दाखवतात. आता दिवेआगरला येणारा माणूस आधी कुंदाचं पुडिंग विचारतो आणि मग समुद्र कुठे आहे ते विचारतो.

त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. म्हणजे होतं, पण पोटात होतं. ते वर आलं गेल्या दिवाळीत. आम्ही सगळे दिवेआगरला जमलो होतो आणि मी खाजाचे कानवले केले होते. ज्यांनी कानवले केलेत त्यांना सांगायला नको. पदर सुटले पाहिजेत, तळताना हात फुलासारखा हलका पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरातलं गोडाचं काम माझं, तो माझा मान. तर ह्यांनी एक कानवला खाल्ला आणि "छान" म्हणाले. हे नेहमी "छान"च म्हणतात. भाजीला छान, बातम्यांना छान. मग कुंदाने वाटीत पुडिंग दिलं. ह्यांनी वाटी चमच्याने खरवडून संपवली, मान वर केली आणि म्हणाले, "अजून आहे का?"

अजून आहे का! अहो, माझ्या अख्ख्या संसारात या माणसाच्या तोंडून हे शब्द बाहेर पडले नव्हते. पुरणपोळीला नाही, मोदकांना नाही. मी मागून ताटात वाढायचे, ते निमूट खायचे, एवढंच.

मी हसत हसत कुंदाला विचारलं, "काय घालतेस गं यात?" ती पदराला हात पुसत म्हणाली, "काही नाही हो वहिनी. हाताला येईल ते." मी म्हटलं, बरं बाई, सांगायचं नसेल तर नको सांगूस.

आता ह्यांची पंचाहत्तरी आली आणि ती दिवेआगरलाच करायची असं दोघा भावांनी ठरवलं. कुंदाचा फोन आला, "गोडाचं मी बघते हं, वहिनी. तुम्ही आता या वयात दमू नका." माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहे ती! मी म्हटलं, "तू तुझं पुडिंग कर. मी माझं करीन."

"तुमचं म्हणजे कानवले ना?"

"नाही. कॉफीचंच."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "या ना, या." त्या "या" मध्ये हसू होतं. टेलिफोनच्या तारा गेल्या, पण हसू मला बरोबर ऐकू आलं.

मला दुसरं काही नको होतं. ह्यांनी माझी वाटी संपवावी, मान वर करावी आणि कुंदाच्या देखत तेच म्हणावं, एवढंच. पण अडचण अशी की मी जन्मात दारूचा थेंब चाखलेला नाही. कुठली घालतात, किती घालतात, काही ठाऊक नाही. म्हणून हे मुलाच्या गाडीतून मागाहून यायचे होते आणि मी आधी एकटीच निघाले, किहीमला, माझ्या भाचीकडे.

मांडव्याला उतरल्यावर लाँचवाल्यांचीच बस अलिबागकडे जाते. वाटेत मोठमोठ्या बंगल्यांच्या भिंती लागतात. आत काय आहे ते दिसत नाही, नुसती बोगनवेल बाहेर डोकावते. शनिवार-रविवारी मालक यायचे आणि बाकी दिवस माळ्याने हिरवळीला पाणी घालायचं. मला वाटलं, घर आपलं आणि राहतोय माळी! तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

माझी भाची मेघना या बंगलेवाल्यांनाच केक आणि गोडाचे पदार्थ करून देते. किहीमच्या नारळांच्या सावलीत तिचं छोटं कौलारू घर आहे, मागच्या फाटकातून गेलं की सुरूची झाडं आणि लगेच वाळू. तिने मला आधी जेवायला घातलं. वालाचं बिरडं (मोड काढून सोललेल्या वालांची आमटी), तांदळाची भाकरी आणि अलिबागचा पांढरा कांदा. तो कांदा इतका गोड की मी फळासारखा खाल्ला. मग तिने ओसरीवरच्या टेबलावर सहा बाटल्या आणून ओळीने मांडल्या आणि छोटे छोटे पेले ठेवले.

"मावशी, एकेक घोट घे आणि ठरव."

"घोट नाही हं. मी वासावर ठरवणार."

"अगं, वासावर कसं कळेल?"

मी म्हटलं, "मी नैवेद्याचं करणारी बाई आहे. देवाला दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हे आईने शिकवलं. खिरीत साखर कमी पडली की मला वाफेवरून कळतं. मग हे तर नाकात जाणारंच प्रकरण आहे."

मेघना हसली. तिने माझ्या तळहातावर एकेक थेंब टाकायचा आणि मी अत्तरासारखा चोळून हुंगायचा, असं सुरू झालं. रस्त्यावरून कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. मला मात्र स्थळं पाहायला बसल्यासारखं वाटत होतं. कॉफी म्हणजे आपली मुलगी, जरा कडू स्वभावाची, काळीसावळी, पण गुणी. तिला कोण शोभेल?

ब्रँडीला मनुकांचा वास होता, पण मागे एक करडेपणा होता, निवृत्त हेडमास्तरांसारखा. कॉफीला अजून धाक कशाला? व्हिस्कीला लाकडाचा आणि धुराचा वास, ती मी दुरूनच नमस्कार करून परत पाठवली. मग लिकर (लिकर म्हणजे साखर आणि सुवास घातलेली दारू). संत्र्याचं लिकर नटूनथटून आलेलं, त्याच्या वासापुढे कॉफीला कोणी विचारलं नसतं. कॉफीचंच लिकर होतं, पण ते म्हणजे चुलतभावाशी लग्न लावण्यासारखं. बदामाच्या लिकरला पेढ्याचा, लहानपणच्या बर्फीचा वास आला आणि माझं मन तिथे जरा घुटमळलं. शेवटी काळी रम. हात नाकाशी नेला आणि मला थेट काकवीचा वास आला. उसाचं गुऱ्हाळ, तापलेली कढई, सगळं आलं त्यात.

"ही," मी म्हटलं. "हिच्या घरचं वळण आपल्यासारखं आहे."

"उसाच्या मळीपासूनच तर करतात ती, मावशी. चांगली निवडलीस. पण एक लक्षात ठेव, लिकर घातलंस तर साखर कमी करायची, ते मुळात गोड असतं. रम गोड नसते. आणि कॉफी पूर्ण गार झाल्यावरच घाल, नाहीतर वास उडून जाईल. बिस्किट बुडवायचं आणि लगेच काढायचं, लगदा करायचा नाही."

"हे तुझ्या काकांना सांग," मी म्हटलं. ह्यांना रोज दुपारी चार वाजता कॉफी लागते आणि तीत बुडवायला टोस्ट. टोस्ट इतका वेळ बुडवून ठेवतात की अर्धा कपातच राहतो. मग त्याचा गाळ चमच्याने खात बसतात. कप घासताना रोज माझं तोंड चालतं.

मेघनाने मला रमची एक छोटी बाटली भरून दिली आणि एक बदामाच्या लिकरची. म्हणाली, दोन्ही जमतात एकत्र. तिचा ओटा, तिचे चकचकीत साचे, तिचा मोठा फ्रीज पाहून मला तिचाही हेवा वाटला, पण ती माझ्या बहिणीची मुलगी, म्हणून मी तो फार ताणला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागहून मुरुडची एस.टी. पकडली. ही वाट मला फार आवडते. चौलच्या वाड्या, मग रेवदंड्याचा खाडीपूल, पलीकडे कोर्लईचा किल्ला समुद्रात पाय सोडून बसलेला. कोर्लईला एक बाई चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. गळ्यात क्रूस, केसांत अबोली. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत जुन्या पोर्तुगिजांच्या वेळची एक भाषा अजून बोलतात. त्या फोनवर कोणाशी तरी त्याच भाषेत भांडत होत्या. भांडण असल्यामुळे मला बरंचसं कळलं.

काशिदच्या पुढे रस्ता वळणांचा आहे. एका वळणावर माझी पिशवी सीटखाली आडवी झाली. मला पत्ता नाही. थोड्या वेळाने गाडीत वास पसरला. आधी गोड, मग कडक.

पुढच्या सीटवरच्या माणसाकडे कंडक्टरने पाहिलं. बिचारा डुलक्या घेत होता. "काय रे, सकालीच टाकून आलास काय?"

तो दचकून जागा झाला. "न्हाय वो साहेब! मी घेत न्हाय. तुलशीची माल हाय माझ्या गल्यात!"

"मालवालेच जास्त घेतात," मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळी गाडी हसली.

"आईशपथ न्हाय! वास घे माझ्या तोंडाचा, घे!"

कंडक्टर खरंच वास घ्यायला वाकला, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, त्यांना बोलू नका. ते मीच आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कंडक्टरने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग साडीकडे. साडीचा काठ ओला झाला होता.

"आजी, तुम्ही?"

"पुडिंगसाठी आहे हो. कॉफीच्या पुडिंगात घालायला."

"सगले असंच सांगतात, आजी," कंडक्टर म्हणाला, आणि यावेळी तो माळकरी सगळ्यांत मोठ्याने हसला. हसण्याचा हक्कच होता त्याचा.

शेजारच्या कोर्लईच्या बाईंनी माझी पिशवी वर घेतली, बाटली काढून पाहिली. बदामाच्या लिकरचं बूच निघालं होतं, बाटलीत तळाशी जेमतेम चमचाभर उरलं होतं. रमची बाटली धडधाकट.

"बदामाची काय? चांगली असते," त्या म्हणाल्या. "दुसरी कोणती? रम? मग गेली ती बरी झाली. आमच्याकडं नाताळच्या केकला रमच घालतात. एक वास पुरे होतो, मावशी. दोन घातले की ते आपसात भांडतात."

"जावा-जावांसारखे?"

"तुम्हीच बोललात, मी नाय बोलले," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून एक जुनं वर्तमानपत्र काढून माझ्या साडीचा काठ टिपायला लागल्या.

मुरुडला उतरून आगरदांड्याला रिक्षा केली. तिथून दिघीला फेरीबोट जाते. गाड्या, बैल, मोटारसायकली, नवरा-नवरी, सगळे एकाच बोटीत. लांबवर जंजिरा दिसतो. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि साडी वाऱ्यावर धरली, वास जावा म्हणून. वास काही गेला नाही. दिघीला जो रिक्षावाला मिळाला त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

"नानी, अत्तर कुठलं लावलंय?"

"बदामाचं," मी म्हटलं.

"मस्त खुशबू हाय. दुबईचं काय?"

"किहीमचं," मी म्हटलं. बिचाऱ्याला जास्त काय सांगणार?

बोर्लीला मी रिक्षा थांबवली. मेघनाने सांगितलेली लांबट बिस्किटं काही तिथल्या बेकरीत नव्हती. टोस्ट होते, ताजे, खरपूस. कॉफी काय, टोस्टही पितात, मी म्हटलं, आणि दोन पाकिटं घेतली.

दिवेआगरला पोचले तेव्हा कुंदा अंगणात उभी होती. मी सारखं पाहत होते, कुठे थकलीय का, कुठे वाकलीय का. कुठे नाही. दोन वर्षांपूर्वी लावलेल्या पोफळी तिच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. वादळात जिथे आकाश पडलं होतं, तिथे पुन्हा सावली धरायला लागली होती. तिने ती दोन हातांनी उभी केली हे मला माहीत आहे. माहीत असूनही मनात आलं, हिचं सगळंच कसं गं पुन्हा उगवतं?

तिने माझ्या पाया पडताना श्वास आत ओढला.

"वहिनी, वास कसला येतोय?"

"बसमध्ये कोणाचं तरी सांडलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

हे आणि मुलगा संध्याकाळी आले. पंचाहत्तरीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला होता, म्हणून सकाळी लवकर आंघोळी करून आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात शिरलो. एक ओटा तिचा, एक टेबल माझं. माझा चक्का रात्रभर टांगलेला होता. मी त्यात घट्ट साय आणि पिठीसाखर घालून फेटायला घेतलं. कुंदा बाजारातलं कसलं तरी डब्यातलं चीज फेटत होती. दोघींची कॉफी एकाच वेळी उकळत होती आणि दोघी एकमेकींच्या पातेल्यात पाहत नाही असं दाखवत होतो.

कॉफी गार झाल्यावर कुंदा कोपऱ्यातल्या कणगीकडे गेली (कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची मोठी टोपली). पूर्वी तिच्यात वाडीचं भात असायचं. तिने झाकण काढलं आणि मी पाहतच राहिले. आत बाटल्या. पंधरावीस तरी असतील. कोणी अर्धी, कोणी पाव, कोणाच्या तळाशी दोन बोटं. लांब मानेच्या, चौकोनी, निळ्या, एक तर मेंढीच्या आकाराची.

"अगंबाई! हे काय?"

"पाहुणे विसरून जातात हो. परत न्यायचा कंटाळा करतात. ओतून टाकायची जिवावर येते, महागाची असते." तिने हात घातला आणि न पाहता एक बाटली काढली. बूच उघडून एकदा हुंगली. संत्र्याची होती. ती कॉफीत रिकामी केली. पुरली नाही म्हणून दुसरी काढली. "ही काय आहे कोण जाणे. काळीच दिसतेय," म्हणाली, आणि तीही थोडी ओतली.

"म्हणजे तू ठरवत नाहीस?"

"मी कशाला ठरवू? पाहुणे ठरवतात."

आणि तेवढ्यात वास आला. काय सांगू, असा वास आला की मी हातातलं फेटणं थांबवलं. संत्री, धूर, कॉफी, सगळं कसं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. मेघनाच्या ओसरीवर मी संत्र्याचं स्थळ नाकारलं होतं! मी बोट घेऊन, बस घेऊन, साडी भिजवून, माळकऱ्याला बदनाम करून एक बाटली इथवर आणली. आणि या बाईच्या हाताला कणगीत अंधारात जे लागतं तेच बरोबर असतं. दिवाळीत ती खरं सांगत होती, हे कळून मला उलट जास्तच झोंबलं. काही लपवलेलं असतं तर निदान शोधता आलं असतं.

तेवढ्यात नारळ उतरवणारा गडी आला आणि कुंदा त्याच्याशी बोलायला मागच्या दारी गेली. मी रमचं बूच उघडलं. पण ओतण्याआधी माझा हात थांबला. मुद्दाम नाही थांबवला, सवयीने थांबला. घरात गोड केलं की आधी देवाची वाटी काढायची. देवाला रम कशी दाखवायची? मी दोन टोस्ट नुसत्या कॉफीत बुडवले. बुडवले नि कणगीच्या विचारात तसेच राहू दिले, चांगले फुगले. ते एका चांदीच्या वाटीत घातले, वर चक्क्याचा थर दिला, वाटी झाकून फ्रीजमध्ये मागे ठेवली. मग उरलेल्या कॉफीत रम घातली आणि माझा ट्रे लावला. अगदी मेघनाने सांगितलं तसा. बुडव, काढ, बुडव, काढ.

संध्याकाळी पडवीत रांगोळी, समया, आजूबाजूची मंडळी. पंचाहत्तर दिव्यांचं तबक कुंदाने आणि मी मिळून धरलं, कारण एकीला पेलत नव्हतं. हे नवीन धोतरात अवघडून बसले होते. नैवेद्य दाखवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, देवाला कॉफी चालते का?"

"दिवसभर तुमच्या पाहुण्यांची गाणी ऐकतो तो. त्याला कॉफीची गरजच आहे," मी म्हटलं.

मग मी माझा ट्रे आणि कुंदाने तिचा ट्रे शेजारी शेजारी ठेवला. दोन्ही दिसायला सारखे. मला वाटलं, आता. पण आधी प्रसाद. कुंदाच देवघरात गेली, चांदीची वाटी घेऊन आली आणि ह्यांच्या हातात दिली. "आज पहिला मान तुमचा. वहिनींच्या हातचं आहे हं."

ह्यांनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा. वाटी तिरपी करून कड खरवडली, चमचा चाटला, मान वर केली.

"अजून आहे का?"

पडवीत कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी वाजवली. मी कुंदाकडे पाहिलं. तिच्या हातात तिचा वाढायचा चमचा तसाच होता. खरं सांगते, समया एकदम मोठ्या झाल्यासारख्या वाटल्या मला.

"आहे तर! ट्रेभर आहे," मी म्हटलं आणि माझ्या ट्रेमधला मोठा तुकडा कापून दिला. ह्यांनी चमचा तोंडात घातला.

"छान आहे," म्हणाले. "पण हे ते नाही."

"अहो, तेच आहे!"

"नाही. ते वेगळं होतं. ते आण."

ते कुठून आणू? ते वाटीभरच होतं. मग कुंदाने आपलं दिलं. तेही खाल्लं ह्यांनी. "हेही छान," म्हणाले, आणि रिकाम्या चांदीच्या वाटीत पुन्हा एकदा डोकावले. लोकांनी दोन्ही ट्रे संपवले. माझा आधी संपला की तिचा, हे मी पाहिलंसुद्धा नाही. मी निवडून आणलेली रम, काकवीच्या वळणाची, गुणाची, तिच्याकडे आता माझंच लक्ष नव्हतं. जिंकले तेव्हा भांडं रिकामं होतं, आणि माझ्याच ट्रेला माझ्याच वाटीने हरवलं होतं. मत्सर करायचा तरी कोणाचा?

आवरताना कुंदा हळूच जवळ आली. "वहिनी, वाटीत वेगळं काय घातलं होतंत?"

"काही नाही गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. दिवाळीत मी तिच्याकडे पाहिलं होतं, अगदी तसं.

परतीला आम्ही मुलाच्या गाडीतून माणगावच्या बाजूने आलो. मागे कुंदाने नारळ, सुपाऱ्या, आंबोशी असं काय काय भरून दिलं होतं. आमच्या भांडणातही तिची पिशवी नेहमी जड असते, हेही मला टोचतं. उरलेली रम माझ्या मांडीवर होती. हे झोपले होते. मी खिडकीतून भाताची खाचरं पाहत विचार करत होते की समुद्राकाठची माणसं एवढी सैल हाताची कशी, आणि मी एवढी मोजून-मापून करणारी कशी. माणूस गावाला जाताना मनात जे घेऊन जातो, तेच बहुतेक परत आणतो. नारळ तेवढे वर मिळतात.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी चार वाजले, मी ह्यांना कॉफी दिली, टोस्ट दिला. ह्यांनी टोस्ट कपात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. तो फुगला, तुटला, आत पडला. मी तोंड उघडणार होते. मग ह्यांनी चमच्याने तो गाळ वर काढला, खाल्ला आणि डोळे मिटले, आणि माझे उघडले. चांदीच्या वाटीत हेच होतं! रोजचंच, फक्त वर चक्का. मी ज्याला रोज नावं ठेवत होते ते, देवाच्या वाटीतून मीच त्यांना दिलं होतं.

मी अजून उभीच होते, तेवढ्यात फोन वाजला. कुंदा.

"वहिनी, पाहुणे आलेत. मी तुमच्यासारखं टोस्ट घालून करून पाहिलं. चक्काही टांगला. कणगीतल्या तीन बाटल्या झाल्या. नाही हो तसं होत. खरं सांगा ना, काय घातलं होतंत?"

"अगं, खरंच काही नाही घातलं."

तिने वाडीतल्या कावळ्यांना हुसकावलेलं ऐकू आलं.

"बरं," कुंदा म्हणाली. "सांगायचं नसेल तर राहू दे."

अजून एकदा नीट समजावून सांगितलं असतं, तर पटलंही असतं तिला. मी नाही सांगितलं. फोन ठेवला आणि ह्यांच्या कपात दुसरा टोस्ट टाकला.